मध्यंतर : इंटरव्हल ट्रेनिंगमधली विसरलेली ९० सेकंदं

आजचा भाग धावणाऱ्यांसाठी आहे, पण न धावणाऱ्यांनीही ऐका, कारण गोष्ट मस्त आहे.

आधी एक प्रश्न. ‘इंटरव्हल’ हा शब्द तुम्ही पहिल्यांदा कुठे ऐकलात? बहुतेकांनी थिएटरात. सिनेमा थांबतो, दिवे लागतात, लोक समोशासाठी पळतात. नाटकवाले त्यालाच मध्यंतर म्हणतात. आता कुठल्याही रनिंग ग्रुपमध्ये विचारा, इंटरव्हल म्हणजे काय? उत्तर येतं, “चारशे मीटर, फुल्ल स्पीड!” गंमत म्हणजे हे नाव त्या चारशे मीटरला दिलेलंच नव्हतं. ते दिलं होतं दोन धावांच्या मधल्या वेळेला. म्हणजे मध्यंतरालाच! आणि एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात आपण ग्रुपबरोबर ट्रॅकवर उतरतो, तेव्हा नेमकी हीच गोष्ट विसरतो.

चला, जर्मनीत जाऊ. साल १९३०च्या दशकातलं. वोल्डेमार गेर्शलर नावाचा एक प्रशिक्षक ड्रेस्डेन शहरात धावपटू तयार करत होता. तोवर वेगात धावायचं, थांबायचं, परत धावायचं असा सराव युरोपात काही जण करतच होते. गेर्शलरने त्याला हिशेब दिला. हर्बर्ट राइनडेल या हृदयरोगतज्ज्ञाच्या साथीने त्याने त्याची शास्त्रीय चौकट बसवली. नियम साधा होता. छोटं अंतर इतक्या जोरात धावा की नाडी मिनिटाला १८०च्या आसपास जाईल. मग थांबा. नाडी १२०वर आली की पुढची धाव. आणि ती ९० सेकंदांत १२०वर आली नाही, तर समजा की धाव जास्त झाली. वेग कमी करा, अंतर कमी करा, नाहीतर आजचा सराव संपवा.

या दोघांचं म्हणणं होतं की हृदय बळकट होतं ते मधल्या विश्रांतीत. पुढच्या शास्त्रज्ञांनी हे जसंच्या तसं मान्य केलं नाही. जोरात केलेल्या कष्टाचाही वाटा मोठा असतो, असं ते सांगतात. पण विश्रांतीचं महत्त्व काही कमी झालं नाही. १९६०च्या सुमारास स्टॉकहोममध्ये सायकलवर प्रयोग झाले. सलग केलं तर काही मिनिटांत माणूस गळून जाईल असं काम, छोटे तुकडे करून आणि मध्ये थांबून केलं, तर तोच माणूस ते तासभर करू शकला. म्हणजे जास्त कष्ट करता येतात, ते मध्यंतरामुळे.

गेर्शलरचा सगळ्यात गाजलेला शिष्य रुडोल्फ हार्बिग. १५ जुलै १९३९ला मिलानमध्ये इटलीच्या मारिओ लान्झीला मागे टाकून तो ८०० मीटर १ मिनिट ४६.६ सेकंदांत धावला. आधीचा जागतिक विक्रम १ मिनिट ४८.४ सेकंदांचा होता. म्हणजे एका फटक्यात १.८ सेकंद कमी! हा विक्रम १९५५पर्यंत टिकला. हार्बिग मात्र ते बघायला राहिला नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४४ साली, पूर्व आघाडीवर तो मारला गेला.

त्यानंतरचं मोठं नाव एमिल झाटोपेक. चेकोस्लोव्हाकियातल्या झ्लिन गावात, बाटाच्या बुटांच्या कारखान्यात काम करणारा पोरगा. याच्यामागे प्रयोगशाळा नव्हती. तो ४०० मीटर जोरात धावायचा, मग २०० मीटर हळू, परत ४००. असं एका दिवसात कितीतरी वेळा. १९५२च्या हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये त्याने ५,००० मीटर, १०,००० मीटर आणि मॅरेथॉन अशी तीन सुवर्णपदकं घेतली, आणि ती त्याची आयुष्यातली पहिली मॅरेथॉन होती! झाटोपेकच्या या आकड्यांनी जगभरातल्या पोरांना वेड लावलं. ‘किती रेप मारले?’ हा प्रश्न मोठा झाला. ‘मध्ये काय केलं?’ हा मागे पडला.

आता ग्रुपची गोष्ट. लंडनमध्ये रॉजर बॅनिस्टर हा वैद्यकीय विद्यार्थी दुपारच्या सुट्टीत सराव करायचा. पुढे ख्रिस ब्रॅशर आणि ख्रिस चॅटवे हे मित्र जोडीला आले, आणि मार्गदर्शनाला प्रशिक्षक फ्रान्झ श्टाम्प्फल. त्यांचं मुख्य सेशन काय? ४४० यार्ड, म्हणजे पाव मैल, दहा वेळा. मध्ये दोन मिनिटं विश्रांती. १९५३-५४च्या हिवाळ्यात वेळ हळूहळू खाली आला आणि ६१ सेकंदांवर अडकला. काही केल्या हलेना. मग बॅनिस्टर आणि ब्रॅशर सरळ सराव सोडून स्कॉटलंडमध्ये डोंगर चढायला गेले. परत आले आणि ५९! विक्रमाच्या आधीचे काही दिवसही बॅनिस्टरने धावणं बंद ठेवलं होतं. ६ मे १९५४ला ऑक्सफर्डच्या इफ्ली रोड ट्रॅकवर ब्रॅशर आणि चॅटवे यांनी आळीपाळीने पुढे राहून त्याला ओढलं, आणि तो एक मैल ३ मिनिटं ५९.४ सेकंदांत धावला. चार मिनिटांच्या आत धावलेला पहिला माणूस.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्या. ती दोन मिनिटांची विश्रांती इंग्लंडच्या थंडीतली होती. आपण मोबाइलवर जे ट्रेनिंग प्लॅन डाउनलोड करतो, त्यातले बरेचसे अशाच थंड देशांतून आलेले असतात. मेमध्ये काय बदलतं? उन्हाळ्यात हृदयाला एकाच वेळी दोन कामं असतात. स्नायूंना रक्त पुरवायचं आणि अंग थंड ठेवायला त्वचेकडेही रक्त पाठवायचं. त्यात घाम गेला की रक्तातलं पाणी कमी होतं. मग नाडी चढते लवकर आणि उतरते उशिरा. घड्याळ सांगतं दोन मिनिटं झाली. शरीर सांगतं, मध्यंतर अजून संपलेलं नाही.

याची जबर किंमत त्याच वर्षी दिसली. ७ ऑगस्ट १९५४, कॅनडातलं व्हँकुव्हर, एम्पायर गेम्स. बॅनिस्टरने ऑस्ट्रेलियाच्या जॉन लँडीला हरवलं, ती प्रसिद्ध मैलाची शर्यत त्याच दिवशी झाली. त्यानंतर त्याच स्टेडियममध्ये मॅरेथॉनचा जिम पीटर्स आत आला. मॅरेथॉनमधला तेव्हाचा सगळ्यात वेगवान माणूस. उन्हात धावलेला, आणि दुसऱ्या क्रमांकापेक्षा सुमारे १७ मिनिटं पुढे. पण तो सरळ चालू शकत नव्हता. पडला, उठला, परत पडला. शेवटची रेषा त्याने ओलांडलीच नाही. जीव वाचला, पण त्यानंतर तो कधीच शर्यतीत उतरला नाही. पीटर्स मनाने कच्चा नव्हता. उलट थांबायचं कधी, हे त्याचं मन त्याला सांगतच नव्हतं.

मग सांगायचं कोणी? याचं उत्तर शोधलं अमेरिकन मरीन सैन्याने. साउथ कॅरोलायनातल्या पॅरिस आयलंड छावणीत नवीन भरती झालेली पोरं उन्हाळ्यात कवायत करताना कोसळत होती. १९५०च्या दशकात याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी एक निर्देशांक तयार केला. त्यात साध्या तापमापकाला फक्त १० टक्के वजन आहे. काळ्या गोळ्यातल्या तापमापकाला, जो उन्हाचा मारा मोजतो, २० टक्के. आणि टोकाला ओलं कापड गुंडाळलेल्या तापमापकाला तब्बल ७० टक्के, कारण घाम सुकतोय की नाही हे तो सांगतो. मुंबईचे ३३ अंश कधीकधी नागपूरच्या ३८ अंशांपेक्षा जास्त का छळतात, ते इथे कळतं. आकडा वाढला की छावणीत वेगळ्या रंगाचा झेंडा लागतो आणि कवायत कमी होते किंवा बंद. कोणी भित्रा ठरत नाही. निर्णय झेंड्याचा असतो.

मला या सगळ्या इतिहासात सगळ्यात मोलाची वाटते ती हीच गोष्ट. ग्रुपमध्ये “चल रे, अजून एक!” म्हणणारा नेहमी असतो. “बस झालं” म्हणणाऱ्याला लाज वाटते. मीही दर मंगळवारी पहाटे पुण्यात ग्रुपबरोबर इंटरव्हल करतो. उन्हाळ्यात आम्ही तीन गोष्टी सेशनच्या आधीच ठरवतो. एक, पुढची धाव घड्याळावर नाही, नाडीवर. ज्याची १२०च्या जवळ आली तो निघेल, बाकीचे सावलीत थांबतील. दोन, कडक उन्हाळा सुरू झाला की पहिले दहा ते चौदा दिवस वेग कमी. तेवढ्या काळात शरीर सरावतं, रक्तातलं पाणी वाढतं, घाम लवकर सुटतो. तीन, प्रत्येकाला एक जोडीदार. तो अडखळायला लागला, असंबद्ध बोलायला लागला, तर सेशन तिथेच बंद. त्याला सावलीत आडवं करायचं, अंगभर गार पाणी ओतत राहायचं आणि १०८ला फोन. त्याच्या “मी ठीक आहे”वर विश्वास ठेवायचा नाही.

गेर्शलरचं वाक्य उलटं वाचून बघा. नाडी उतरत नसेल तर थांबा, म्हणजेच उतरली तर खुशाल पळा! उन्हाळ्यात इंटरव्हल बंद करायची गरज नाही. फक्त मध्यंतर पूर्ण होऊ द्या. दिवे मालवायच्या आधी पडदा उघडत नाहीत.

हा भाग तुमच्या ग्रुपमधल्या त्या “अजून एक!”वाल्याला नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, पाणी प्या!