कात्रणवह्या, तारकामगारांच्या
एकोणिसाव्या शतकातील अमेरिकन तारकचेऱ्यांत काम करणाऱ्यांनी वर्तमानपत्रांतील व व्यवसायपत्रांतील मजकूर कापून, चिकटवून राखलेल्या वह्या. त्यांना फावल्या वेळचा छंद मानणे हा मोठाच अन्याय आहे. तारकंपनीच्या दप्तरात संदेशांचे हिशेब, दर, भागधारकांसाठीचे अहवाल सापडतात. यंत्रापाशी बसलेल्या माणसाला काय जपावेसे वाटले, हे मात्र वहीच सांगते. ‘द टेलिग्राफर’ (१८६४ पासून) सारख्या पत्रांतून वेतनाच्या तक्रारींबरोबर तारकामगारांच्या कथा-कविताही छापून येत. १९ जुलै १८८३ रोजी सुरू झालेल्या मोठ्या संपात आठ तासांचा दिवस आणि स्त्रियांना समान वेतन या मागण्या होत्या. महिनाभरात तो मोडला. अशा वेळची कात्रणे हरलेल्या बाजूची स्मृती टिकवतात.

आक्षेप असा, की कात्रण म्हणजे आधीच छापलेला मजकूर. त्यात नवे काय? शिवाय कात्री बहुधा तारीख आणि पत्राचे नावच उडवते. दुसरी अडचण खरी आहे. तिथे कात्रणाच्या पाठीवरची अर्धवट जाहिरातही कालनिश्चितीला उपयोगी पडते. पहिला आक्षेप मात्र टिकत नाही, कारण पुरावा निवडीत आणि मांडणीत असतो. जुन्या हिशेबवहीतील आकड्यांवर कविता चिकटवलेली असते, तेव्हा खाली मालकाचा जमाखर्च आणि वर कामगाराची आवड, असे दोन थर एकाच पानावर उरतात. चिकटवण्याचे कामही पुढे सोपे झाले: मार्क ट्वेनने १८७३ साली पेटंट घेतलेल्या, डिंकाचे पट्टे आधीच लावलेल्या वहीला पाणी लावले की पुरे होई; खळीचीही गरज उरली नाही.