परत बोलावलेली पोरं

आमच्या नगरच्या ख्रिस्ती घरांत अमेरिकन मिशनचं नाव अजून आदरानं घेतात. माझे पणजोबा त्यांच्याच शाळेत शिकले. त्यामुळं हे मिशन धाडणाऱ्या बॉस्टन-कनेक्टिकटकडच्या काँग्रिगेशनल मंडळ्यांचा इतिहास वाचताना घरच्याच जमाखर्चाची वही चाळल्यासारखं होतं. आणि घरची वही जरा कडक नजरेनंच तपासावी.

तीत युंग विंगचं नाव येतं. मकावजवळच्या खेड्यातला हा मुलगा 1847 साली आपल्या मिशनरी गुरुजींबरोबर, सॅम्युएल ब्राउन यांच्याबरोबर, अमेरिकेला गेला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये मन्सनच्या शाळेत शिकला. पुढं येलला जायचं तर पैसा हवा. शाळेच्या विश्वस्तांकडं गरजू मुलांसाठी निधी होता, पण शिकून मिशनरी म्हणून मायदेशी जाईन असं लिहून द्यावं लागणार होतं. युंग ख्रिस्ती होता, चीनला परतायचंही त्याच्या मनात होतं. तरी त्यानं लिहून दिलं नाही. देशाचं भलं करायला एकच वाट नसते, हात आधीच बांधून घ्यायचे कशाला, असा त्याचा विचार. ज्यांच्या पैशानं शिकायचं त्यांना नाही म्हणणं किती जड जातं, ते मिशनच्या घरात वाढलेल्याला विचारा! अखेर सव्हाना गावच्या काही बायकांच्या मंडळानं मदत केली आणि 1854 साली तो येलचा पदवीधर झाला. अमेरिकन विद्यापीठाची पदवी घेणारा तो पहिला चिनी.

परतल्यावर त्यानं वर्षानुवर्षं दरबारी माणसांच्या मागं लागून एक योजना मंजूर करून घेतली. 1872 ते 1875 दरवर्षी 30, अशी 120 मुलं चिनी सरकारच्या खर्चानं न्यू इंग्लंडला आली. पंधरा वर्षं शिकायचं आणि परतून सरकारची चाकरी करायची, असा करार.

दोन-दोन, तीन-तीन पोरं एकेका कुटुंबात ठेवली. खरी सेवा झाली ती तिथं, असं माझं मत आहे. त्यांच्यासाठी वेगळा प्रचारक नेमायची गरजच पडली नाही. जेवणाआधी घरातले डोकं लववत, तशी ही पोरंही लववत. रविवारी घर चर्चला निघालं की तीही निघत. हार्टफर्डच्या असायलम हिल चर्चचे पाळक जोसेफ ट्विचेल तर युंगचे जिवलग मित्र, 1875 साली त्याचं लग्न त्यांनीच लावलं. पोरं बेसबॉल खेळू लागली, चिनी अभ्यासाचा कंटाळा करू लागली. काहींनी ख्रिस्ती व्हायचं ठरवलं. युंग क्वाय नावाच्या एकानं वेणीच कापली. वेणी ही मांचू राजनिष्ठेची खूण, ती कापणं म्हणजे उघड बंड.

मुलांवर देखरेख ठेवणारे चिनी आयुक्त वू झिदेंग यांनी पेकिंगला तक्रारी धाडल्या. मिशनच्या लिखाणात हे गृहस्थ खलनायक होऊन बसलेत. मला ते पटत नाही. पैसे मोजले होते जहाजं आणि तोफा जाणणाऱ्या माणसांसाठी. पोरं कन्फ्यूशियस विसरून भजनं म्हणत आली तर पैसे देणाऱ्यानं गप्प बसावं का? शिवाय दोष एकट्या धर्माचा नव्हता. लष्करी आणि नौदल विद्यालयांची दारं अमेरिकेनंच या मुलांना बंद ठेवली, आणि चिनी मजुरांविरुद्ध तिथं आधीच हवा तापली होती. योजना वाचवायला ट्विचेल मार्क ट्वेनला घेऊन माजी राष्ट्राध्यक्ष ग्रँटकडं गेले, ग्रँटनं चिनी दरबारातल्या वजनदार ली होंगझांगला पत्र लिहिलं. काही महिने निभावलं. 1881 साली सगळ्यांना परत बोलावलं.

शांघायला उतरल्यावर स्वागत झालं ते पहाऱ्यात. पडक्या इमारतीत कोंडून ठेवलं, मग तारखातं, नौदल, वैद्यकशाळा, जिथं जागा तिथं पाठवलं, कुणाचा कल न विचारता. 1884 साली फूचौला फ्रेंच आरमाराशी लढताना त्यांतले काही मेले. याच पोरांतल्या झान तियानयोउनं पुढं पेकिंग-कालगन रेल्वे बांधली. तांग शाओयी 1912 साली प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला. मिशनच्या हिशेबात असली माणसं कुठल्या रकान्यात मांडायची?

तांग गुओआन मात्र ख्रिस्तीच राहिला, शांघायच्या वायएमसीएत रमला. 1909 साली, बॉक्सर बंडानंतर चीननं अमेरिकेला भरलेल्या नुकसानभरपाईच्या परत मिळालेल्या पैशातून 47 विद्यार्थी अमेरिकेला निघाले, तेव्हा त्यांना घेऊन जाणारा हाच. पुढं तो त्सिंगह्वा विद्यालयाचा प्रमुख झाला. त्याच 1909 साली अमेरिकेतल्या चिनी विद्यार्थ्यांनी आपली स्वतःची ख्रिस्ती संघटना काढली. तिचे पदाधिकारी चिनीच होते.