येसूबाईंचीं बारा वर्षें

संस्कृतांत कैदीवाचक ‘बंदी’ हा शब्द स्त्रीलिंगी आहे. आपल्या इतिहासलेखनांत मात्र बंदिवास म्हटला कीं पुरुषच डोळ्यांपुढें येतो. छत्रपति संभाजी महाराजांच्या पत्नी येसूबाई सुमारें साडेएकोणतीस वर्षें मोगलांच्या कैदेंत होत्या. तरी त्या प्रकरणास ‘शाहूंची कैद’ हेंच नांव रूढ आहे. वस्तुतः शाहूंची कैद साडेसतरा वर्षांची. मातोश्रींची तीहून बारा वर्षें अधिक.

इ. स. १६८९ च्या मार्चांत संभाजी महाराजांचा वध झाला व ३ नोव्हेंबर रोजीं रायगड झुल्फिकारखानाच्या हातीं गेला. शाहू तेव्हां सात वर्षांचे होते. बादशहानें त्यांस राजा हा किताब व सातहजारी मनसब दिली. बादशहाजादी झीनतुन्निसा हिनें ममता दाखविली. एवढ्यावरून ही ‘मानाची कैद’ असें म्हणण्याचा प्रघात पडला. परंतु मनसब मुलास मिळाली. आईस मिळालें तें फिरत्या छावणींतील पारतंत्र्य. आमच्या भूम-परांडे भागाच्या दक्षिणेस, भीमातीरीं ब्रह्मपुरीस, १६९५ पासून १६९९ पर्यंत बादशाही तळ होता. पुढें गडांच्या मोहिमा चालल्या. १७०० त खवासपूर येथें पुराचें पाणी छावणींत शिरलें. १७०२ ते १७०४ ह्या सालांत दक्षिणेंत दुष्काळ व मरी माजली. १७०३ त तर शाहूंच्या धर्मांतराचाच घाट घातला गेला. प्रतापराव गुजरांचे पुत्र खंडेराव व जगजीवन ह्यांनीं तें आपणांवर घेतलें, म्हणून तें टळलें. वैधव्यांत एकुलत्या पुत्राविषयींचें असें भय ज्या मातेनें सोसलें, तिच्या कैदेस मानाची म्हणणें न्याय्य नव्हे.

औरंगजेबाच्या मृत्यूनंतर, १७०७ च्या मे महिन्यांत, आज्जमशहानें शाहूंस दक्षिणेस रवाना केलें. येसूबाई, शाहूंची पत्नी व सावत्रभाऊ मदनसिंग हीं मात्र ओलीस राहिलीं. पुत्र छत्रपति झाला. त्या छत्रपतीच्या इमानाचें तारण म्हणून माता व पत्नी परमुलुखांत अडकल्या. पुढें सय्यद हुसेनअल्लीशीं तह ठरला, त्यांत चौथाई व सरदेशमुखी ह्यांच्या पंक्तीस राजकुटुंबाच्या सुटकेचें कलम आलें. बाळाजी विश्वनाथ दिल्लीस गेले. १७१९ च्या फेब्रुवारींत तेथील दंग्यांत पुष्कळ मराठे पडले; नाना फडणिसांचे आजे बाळाजी महादेव भानू त्यांतच गेले. मार्चांत सनदा मिळाल्या आणि जुलैंत येसूबाई साताऱ्यास परतल्या.

सनदांचे तर्जुमे आपण जपून ठेवितों. त्याच तहानें सुटलेल्या स्त्रियांचीं वर्षें मोजीत नाहीं. संग्राहकांस विनंति एवढीच कीं, ह्या काळाचे रुमाल सोडतांना कापड, धान्य, औषध, दासी व कर्ज ह्यांच्या क्षुल्लक वाटणाऱ्या यादी बाजूस टाकूं नयेत. राजकारण खलित्यांत लिहिलें जातें. बंदिवास अशा यादींतच सांपडावयाचा.