इन्शुलिनच्या सुईची खूण

१९१७ सालच्या मे महिन्यांत होमरूल लीगच्या पहिल्या वार्षिकोत्सवानिमित्त लोकमान्य टिळक नाशिकला आले, तेव्हां त्यांनीं साठी ओलांडली होती, आणि मधुमेहानें त्यांची पाठ पुष्कळ वर्षांपासून धरली होती. मंडालेच्या बंदिवासांतहि तो त्यांच्या सोबतीला होता. जेवणाखाणावर कडक बंधन घालणें, यापलीकडे त्या काळीं खरा उपाय नव्हता. उतारवयांतील मनुष्याला पथ्यावर कित्येक वर्षें काढतां येत. लहान मुलाला मात्र हा रोग जडला म्हणजे आईबापांनीं महिने मोजावे, एवढेंच उरत असे. १ ऑगस्ट १९२० रोजीं लोकमान्य मुंबईस निवर्तले. त्यानंतर सतरा महिन्यांनीं, पृथ्वीच्या दुसऱ्या टोंकाला, हें चित्र पालटलें.

११ जानेवारी १९२२ रोजीं कॅनडांतील टोरोंटोच्या रुग्णालयांत लिओनार्ड थॉम्प्सन नांवाच्या चौदा वर्षांच्या मुलाला, बँटिंग आणि बेस्ट यांनीं जनावरांच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोंचण्यांत आला. रक्तांतील साखर थोडीशी उतरली. परंतु टोंचल्या जागीं गळूं झालें आणि उपचार थांबवावा लागला. पुढें कॉलिप या रसायनशास्त्रज्ञानें अर्क शुद्ध केला, २३ जानेवारीपासून तो पुन्हां देण्यांत आला, आणि मरणपंथाला लागलेला मुलगा उठून बसला. तो १९३५ पर्यंत जगला. इतिहासांत गाजली ती ही दुसरी टोंचणी. पहिलीचें गळूं विसरलें गेलें. पण इन्शुलिन आणि कातडी यांच्या भांडणाला सुरुवात झाली ती तेथेंच.

मधुमेह्याच्या अंगावर फोड उठतात हें आपल्याकडील वैद्यांना नवें नव्हतें. सुश्रुतसंहितेंत दहा आणि चरकसंहितेंत सात प्रमेहपिडका सांगितल्या आहेत. येथें नवेपण होतें तें एवढेंच कीं, ही खूण रोगाची नव्हती, औषधाची होती.

पहिल्या वर्षांतील इन्शुलिन गुरांच्या व डुकरांच्या स्वादुपिंडांतून येई आणि त्यांत परक्या द्रव्यांची भेसळ राही. टोंचल्या जागीं लाल, खाजरे चट्टे उठत आणि बहुतेकांचे ते कांहीं आठवड्यांत शमत. त्याहून विलक्षण प्रकार १९२६ सालीं डेपिश आणि बार्बोर्का या दोन डॉक्टरांनीं निरनिराळे प्रसिद्ध केले. सुई जेथें वारंवार टोंचली जाई, तेथील त्वचेखालची चरबी विरघळून खड्डा पडे. लहान मुलें आणि तरुण स्त्रिया यांच्यांत हे खड्डे अधिक आढळत. प्राण वांचविणारें औषध मांडीवर आणि दंडावर असे व्रण कोरून ठेवी, याचें दुःख रोग्याच्या तक्त्यांत कधीं लिहिलें जात नसे.

घरगुती सरंजामहि कांहीं सौम्य नव्हता. कांचेची पिचकारी आणि पोलादी सुई रोज पाण्यांत उकळावी. सुई बोथट झाली कीं दगडावर घांसून तिला पुन्हां धार लावावी, असा क्रम कित्येक वर्षें चालला.

खड्ड्यांचें कोडें सुटलें तें इन्शुलिन शुद्ध झाल्यावर. १९७० नंतरच्या दशकांत अतिशुद्ध इन्शुलिन निघालें. तें खड्ड्याच्या कडेला टोंचलें असतां पुष्कळांचे खड्डे भरूं लागले. शरीर त्या परक्या द्रव्यांशीं झगडत होतें आणि त्या झगड्यांत चरबीचा बळी जात होता, हें त्यावरून दिसून आलें. १९८२ सालीं जंतूंकडून तयार करविलेलें मानवी इन्शुलिन अमेरिकेंत विक्रीस आलें. मुंबईच्या वोकहार्ट कंपनीनें २००३ सालीं तसें इन्शुलिन भारतांतच बनवून बाजारांत आणलें. खड्डे आतां क्वचितच दिसतात.

दुसरी खोड मात्र शुद्धतेनें गेली नाहीं. एकाच जागीं पुनःपुन्हां टोंचलें असतां तेथील चरबी उलट वाढते आणि रबरासारखी गांठ होते. कारण चरबी वाढविणें हा इन्शुलिनचाच एक गुण आहे. वापरलेली बोथट सुई त्यांत भर घालते. आणि गंमत अशी कीं, गांठींत सुई दुखत नाहीं, म्हणून रोगी आवडीनें तेथेंच टोंचतो! तेथून इन्शुलिन रक्तांत कधीं सावकाश, कधीं एकाएकीं उतरतें. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या स्पेनमधील एका पाहणींत ४३० रोग्यांपैकीं ६४ टक्क्यांहून अधिकांच्या अंगीं अशा गांठी आढळल्या. कारण न कळतां साखर उतरण्याचा त्रास गांठी असलेल्यांपैकीं ३९ टक्क्यांना होता, गांठी नसलेल्यांपैकीं केवळ सहा टक्क्यांना. साखरेच्या आकड्यांची वही डॉक्टर बारकाईनें पाहतात. पोटावरून हात मात्र क्वचितच फिरवितात.

हा हात फिरवायला शिकविणें परिचारिकेकडे येतें. नाशिक येथें १९९८ सालीं स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेंत वैद्यकीय महाविद्यालयांबरोबर परिचर्या महाविद्यालयेंहि येतात. रोग्याच्या हातीं पहिल्यानें सुई देणारी बहुधा तीच असते. सांगावयाचें थोडेंच आहे: पोट, मांडी, दंड, नितंब यांच्या जागा पाळीपाळीनें बदलाव्या, दोन टोंचण्यांत बोटभर अंतर ठेवावें, सुई नवी घ्यावी, आणि गांठीला हात लावूं नये.

गांठ सोडतांना एक धोका मात्र असतो. निरोगी त्वचेंतून तेंच इन्शुलिन पुरतें पोंचतें. त्यामुळें जुनीच मात्रा तेथें टोंचली तर साखर एकदम उतरून घाम सुटतो, हात थरथरतात, शुद्धहि हरपते. म्हणून जागा बदलण्यापूर्वीं डॉक्टरांना विचारून मात्रा कमी करावी लागते. सोडलेली गांठ पुढें कांहीं महिन्यांत बहुधा हळूहळू बसूं लागते.