काळ्या बंपरची गोष्ट

गेल्या रविवारी गाडी धुवायला काढली. पत्रा मस्त चमकला, पण दाराखालची आणि चाकांवरची काळी प्लास्टिकची पट्टी मात्र राख फासल्यासारखी करडी. लहानपणीचा बाबांचा एक उद्योग आठवला, आणि मग दुपारची झोप सोडून हे प्लास्टिक गाडीवर आलं कुठून हे वाचत बसलो.

आमच्याकडे आधी प्रीमियर पद्मिनी होती. तिचे बंपर स्टीलचे, वर क्रोमचा मुलामा. बाबा दर रविवारी ब्रासो आणि जुनं बनियन घेऊन बसायचे. घासलं की चमकतं, सरळ हिशोब! मग आली मारुती ८००. बंपर काळे. बाबांनी रविवारचा कार्यक्रम तसाच चालू ठेवला, फक्त ब्रासोच्या जागी खोबरेल तेल आलं. बंपर एक दिवस तुकतुकीत दिसायचा, दुसऱ्या दिवशी त्यावर अख्ख्या रस्त्याची धूळ. आणि दोन-तीन उन्हाळ्यांत तो करडा पडला तो पडलाच. मी तेव्हा कॉलेजात, अक्कल जरा जास्तच. "बाबा, तुम्ही नीट पुसतच नाही" असं चक्क म्हणालो होतो.

असो. तर इतिहास.

१९७२ साली फ्रान्समध्ये रेनॉ ५ आली. तिचे बंपर काचतंतू घातलेल्या पॉलिएस्टरचे होते, करड्या रंगाचे. फ्रेंचमध्ये त्यांना चक्क 'ढाल' म्हणतात. पार्किंग करताना पुढच्या-मागच्या गाडीला टेकलं तरी पोचा नाही, ही सोय. त्याच सुमाराला अमेरिकेत नियम आला की १९७३ च्या मॉडेलपासून ताशी ५ मैल वेगाने पुढून धडक बसली तरी दिवे, इंधनाची व्यवस्था वगैरे शाबूत राहिलं पाहिजे. क्रोमच्या नाजूक पट्ट्यांना हे कुठलं झेपायला! १९७४ मध्ये ब्रिटिश एमजीबी या देखण्या स्पोर्ट्स कारला काळे जाडजूड बंपर लावावे लागले, गाडीची उंचीही वाढवावी लागली. तिचे चाहते अजून त्यावरून हळहळतात.

पुढे बाजी मारली पॉलिप्रॉपिलीनने. याच्या शोधात मोठा वाटा असलेल्या जुलिओ नात्ता या इटालियन रसायनशास्त्रज्ञाला १९६३ चं नोबेल (कार्ल झीग्लरबरोबर) मिळालं. माल स्वस्त, हलका, वाकून परत सरळ होणारा. बंपरच्या आतल्या बाजूला बघा, बऱ्याचदा 'पीपी' अशी इंग्रजी अक्षरं उमटवलेली दिसतील. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली आणि काळा बंपर आपल्याही गल्लीत स्थिरावला.

पण या प्लास्टिकमध्ये एक बग आहे. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्याच्या लांबच लांब रेणुसाखळ्या तुटतात. पृष्ठभागावर बारीक चिरा पडतात, त्यावरून प्रकाश विखुरतो आणि काळं करडं दिसू लागतं. म्हणून तर त्यात कार्बन ब्लॅक, म्हणजे शुद्ध मराठीत काजळी, घालतात. ती ऊन शोषून घेते. काळा रंग नुसती फॅशन नाही, तेच त्याचं सनस्क्रीन! पण त्यालाही मर्यादा आहेत.

थोडक्यात, क्रोम मळतं, प्लास्टिक झिजतं. मळ घासून जातो, तुटलेले रेणू घासून जुळत नाहीत. तेल त्या चिरा भरतं, म्हणून तात्पुरतं काळं दिसतं, इतकंच.

मग करायचं काय? सौम्य शाम्पू, मऊ ब्रश, आणि पूर्ण वाळल्यावर प्लास्टिकसाठीचं पाण्यावर आधारित ड्रेसिंग. ते पावसाने धुऊन जातं, पुन्हा लावावं लागतं. जास्त टिकायला हवं असेल तर ट्रिम कोटिंग. पत्र्याला वॅक्स लावताना काळ्या भागावर मास्किंग टेप चिकटवा. वॅक्स खरबरीत प्लास्टिकमध्ये बसून पांढरं दिसतं. बसलंच तर शाळेतला खोडरबर वापरून बघा. हीट गनने काळं होतं, पण काही काळच, आणि हात चुकला तर वितळतं. सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे सावलीत गाडी लावणे.

गंमत म्हणजे एकेकाळी काळा बंपर म्हणजे स्वस्तातलं मॉडेल, बॉडी कलर बंपर म्हणजे महागाचं. आता एसयूव्हीसारखी दिसावी म्हणून छोट्या गाड्यांनाही मुद्दाम काळी प्लास्टिकं चढवतात. २०१५ ची क्विड आठवा.

संध्याकाळी बाबांना फोन करून हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुमचं पुसणं बरोबर होतं, मटेरियलच वेगळं होतं. ते शांतपणे म्हणाले, "मग तू कुठलं तेल लावलंस?"