टेकडी पोखरली की विहीर आटते : आपल्या महागावच्या डोंगराची गोष्ट

मंडळी, आज राजकारण नाही. आज डोंगराबद्दल लिहितो.

आपल्या तालुक्यातल्या सपाट माथ्याच्या टेकड्यांवर लहानपणी आपण सगळ्यांनीच गारगोट्या वेचल्या. पण ह्या टेकड्या अजिंठ्याच्या रांगेतल्या आहेत, हे किती जणांना माहीत आहे? हो, लेण्यांचा तोच अजिंठा. ही रांग बुलडाणा, वाशीम करत आपल्या जिल्ह्यात येते. जुन्या वऱ्हाडात खालच्या सपाटीला पायनघाट म्हणत अन् आपल्या ह्या उंच मुलखाला बालाघाट. पुसद तालुका १९०५ पर्यंत वाशीम जिल्ह्यात होता, तोही ह्याच बालाघाटात.

पैनगंगा ह्याच रांगेत, बुलडाणा जिल्ह्यात उगम पावते. १८५३ च्या तहात निजामानं वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. मग नदीच्या अलीकडं इंग्रजी अंमल अन् पलीकडं निजामाचा, असा कारभार १९४७-४८ पर्यंत चालला.

पण दगड त्याहून लई जुना. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून लाव्हा बाहेर आला. एक थर थंड झाला की त्यावर दुसरा, असे थरावर थर बसले. म्हणून आपल्या टेकड्या पायऱ्या-पायऱ्यांच्या दिसतात. इंग्रज अधिकारी साईक्सनं १८३३ मध्ये ह्या खडकाला ‘डेक्कन ट्रॅप’ म्हटलं. ट्रॅप हा शब्द पायरीच्या स्वीडिश शब्दावरूनच आला. लाव्ह्यात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, त्या पोकळ्यांत पुढं आपल्या गारगोट्या तयार झाल्या. हाच खडक झिजून कपाशीची काळी माती झाली.

आता मुद्द्याचं. काळा पाषाण स्वतः पाणी धरत नाही. पाणी राहतं ते वरच्या मुरुमात, जाळीदार थरात अन् भेगांत. टेकडीवर पडलेला पाऊस मुरुमातून हळूहळू खाली उतरतो अन् पायथ्याच्या विहिरीला झरे फुटतात. म्हणजे टेकडी ही आपली पाण्याची टाकीच आहे.

अन् आपण काय करतोय? रस्ता पाहिजे, घरं पाहिजेत, हे मलाही मान्य. पण मुरूम काढून टेकडी पाषाणापर्यंत उघडी केली तर पाऊस मुरणार कुठं? तो सरळ नाल्यानं पैनगंगेत जाणार. मग आपण कर्ज काढून बोअर मारतो. खाली भेग लागली तर नशीब, नाही तर नुसता फुफाटा! माझ्या घरच्या वावरात दोन बोअर असेच कोरडे गेले. चूक आमचीच. शेजारची विहीर पाहिली, तिच्या वरची टेकडी पाहिली नाही.

म्हणून एवढंच सांगतो. पुढच्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्या शिवारात मुरुमाची परवानगी कोणत्या गटात आहे? किती ब्रासची आहे? अन् त्या टेकडीखाली विहिरी किती?

६.६ कोटी वर्षांचा डोंगर जेसीबीला एका उन्हाळ्याचं काम आहे. तुमच्या गावची टेकडी आज कशी आहे, कमेंटमध्ये लिहा. फोटो असला तर टाका.