पंथांचा नकाशा आणि एक निवृत्त मिशनरी : लेस्ली न्यूबिगिन

१/१६
१९७४ साली मद्रासचे बिशप लेस्ली न्यूबिगिन निवृत्त झाले. वय चौसष्ट, भारतातील सेवेचा आरंभ १९३६ मधला. मायदेशी, इंग्लंडला परतण्यासाठी त्यांनी विमान घेतले नाही. सोबत पत्नी हेलन, दोन सुटकेसा आणि पाठीवरची एक पिशवी. मिळेल त्या बसने मजल दरमजल करीत या दांपत्याने सुमारे दोन महिन्यांत युरोप गाठला.

२/१६
वाटेत तुर्कस्तानातील कप्पादोकिया लागले. चौथ्या शतकात बेसिल आणि दोन ग्रेगरी अशा थोर ख्रिस्ती आचार्यांची ही भूमी. तेथे रविवारी उपासनेसाठी त्यांना एकही ख्रिस्ती मनुष्य भेटला नाही; पतिपत्नींनी दोघांनीच उपासना केली. जेथे चर्च बहरते, तेथून ते नाहीसेही होऊ शकते, ही जाणीव न्यूबिगिन यांच्या मनात कायमची रुजली.

३/१६
ख्रिस्ती पश्चिमेने बिगरख्रिस्ती पूर्वेकडे माणसे पाठवायची, हा ‘मिशन’ या शब्दाचा तोवरचा रूढ अर्थ. या निवृत्त मिशनऱ्याने तो उलटा केला. मात्र इंग्लंडमध्ये त्यांना जे दिसले, ते पाहण्याची दृष्टी त्यांना दक्षिण भारताने दिली होती. म्हणून आधी तिकडे वळले पाहिजे.

४/१६
एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशन संस्थांनी परस्परांतील स्पर्धा टाळण्यासाठी भारतातील प्रदेश वाटून घेतले. महाराष्ट्रातही हेच चित्र दिसते : अहमदनगर परिसरात अमेरिकन मराठी मिशन, नाशिकला अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटी, मुंबई-पुण्यात स्कॉटिश मिशन. नव्या ख्रिस्ती माणसाचा पंथ त्याच्या निवडीने ठरत नसे. तो गावाच्या पत्त्यावरून ठरे.

५/१६
त्यामुळे विलक्षण विसंगती निर्माण झाली. चर्चमध्ये बिशप असावेत की वडीलधाऱ्यांची सभा, स्थानिक मंडळी स्वायत्त असावी की नाही, हे वाद इंग्लंड-स्कॉटलंडच्या राजकारणात पेटलेले. त्यांच्याशी काडीचाही संबंध नसलेले तमिळ, तेलुगू व मराठी शेतकरी आणि शेतमजूर त्या भांडणांचे वारसदार ठरले.

६/१६
ही विसंगती सर्वांत तीव्रतेने जाणवली ती भारतीय ख्रिस्ती नेत्यांना. व्ही. एस. अझरिया हे त्यांतले अग्रणी. १९१० च्या एडिंबरो मिशनरी परिषदेत, मिशनऱ्यांनी आश्रयदाते न राहता मित्र व्हावे, असे त्यांनी रोखठोक सुनावले होते. १९१२ मध्ये ते डोर्नकलचे बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे ते पहिले भारतीय बिशप.

७/१६
१९१९ साली तरंगमबाडी येथे दक्षिणेतील पाळकांची सभा भरली. भारतातील पहिले प्रॉटेस्टंट मिशनरी १७०६ मध्ये उतरले ते याच गावी. युरोपातून आलेली फूट भारतात शुभवर्तमानाच्या कार्याला दुबळे करते, अशी भूमिका घेऊन सभेने एकत्रीकरणाची हाक दिली. वाटाघाटी पुढे अठ्ठावीस वर्षे चालल्या.

८/१६
पेच होता दीक्षेचा. अँग्लिकन परंपरेत पाळकाची दीक्षा बिशपच्या हस्तेच होते. मग प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि मेथडिस्ट पाळकांचे काय? त्यांना पुन्हा दीक्षा घ्यायला लावणे म्हणजे त्यांची आजवरची सेवा अवैध ठरवणे. ती न घेता स्वीकारणे म्हणजे, अनेक अँग्लिकनांच्या मते, शतकांची परंपरा तोडणे.

९/१६
अखेर तोडगा निघाला. विद्यमान सर्व पाळकांना पुनर्दीक्षेविना स्वीकारायचे. एकत्रीकरणानंतरच्या दीक्षा मात्र बिशपांच्या हस्ते द्यायच्या. स्कॉटिश प्रेस्बिटेरियन परंपरेतून आलेले न्यूबिगिन १९४० च्या दशकात या वाटाघाटींत उतरले. एकदम सर्व शुद्ध करून मग एकत्र येण्यापेक्षा, आधी एकत्र येऊन मग एकमेकांकडून शुद्ध होणे त्यांना अधिक प्रामाणिक वाटले.

१०/१६
विरोधही जबर होता. कवी टी. एस. एलियट यांनी १९४३ मध्ये या योजनेविरुद्ध पुस्तिका लिहिली. आंध्रातील नंद्यालच्या अँग्लिकन मंडळींपैकी बऱ्याच जणांनी नव्या चर्चमध्ये सामील होण्यास नकार दिला. एकीच्या प्रयत्नातून नवी फूट पडावी, हा या इतिहासातला बोचरा विरोधाभास आहे.

११/१६
२७ सप्टेंबर १९४७. स्वातंत्र्याला जेमतेम सहा आठवडे झालेले; देश फाळणीत होरपळत होता. त्या दिवशी मद्रासच्या सेंट जॉर्ज कॅथीड्रलमध्ये ‘चर्च ऑफ साउथ इंडिया’ स्थापन झाले. अझरिया ते पाहायला हयात नव्हते. १९४५ च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले होते. नव्या चर्चच्या पहिल्या बिशपांत सदतीस वर्षांचे न्यूबिगिन होते. त्यांचा धर्मप्रांत मदुराई-रामनाड.

१२/१६
उत्तरेत हे घडायला आणखी तेवीस वर्षे लागली. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था मिळून ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ झाले. अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर राहिले. अहमदनगर, नाशिक, पुणे येथील जुन्या मिशनांच्या अनेक मंडळ्या मात्र प्रथमच एका छत्राखाली आल्या.

१३/१६
आता इंग्लंडकडे पाहू. प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल मंडळ्या दक्षिण भारतात १९०८ मध्येच एकत्र आल्या होत्या. इंग्लंडमध्ये त्याला १९७२ उजाडले. अँग्लिकन-मेथडिस्ट एकत्रीकरण दक्षिण भारतात १९४७ मध्ये साधले; इंग्लंडमधली तशी योजना १९७२ मध्ये अँग्लिकन सभेत आवश्यक बहुमताअभावी कोसळली. शिष्य पुढे गेला होता. गुरू जुन्याच नकाशात अडकला होता. न्यूबिगिन परतले ते या इंग्लंडमध्ये.

१४/१६
त्यांना सर्वाधिक जाणवला तो आशेचा अभाव. मद्रासच्या झोपडपट्टीतही उद्याचा दिवस आजच्याहून बरा असेल, हा विश्वास त्यांनी पाहिला होता. सुखवस्तू इंग्लंडमध्ये तो दिसेना. शुभवर्तमानाला येथे विरोध नव्हता, थंड तुच्छता होती. आणि ती विरोधाहून कठीण होती. पश्चिम हीच आता मिशनची भूमी आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. १९८३ पासूनच्या त्यांच्या लेखनाने ब्रिटन-अमेरिकेतील ख्रिस्ती विचारविश्व ढवळून निघाले.

१५/१६
त्यांची सर्वांत बोचरी टीका पंथव्यवस्थेवर होती. आधुनिक समाज धर्माला खाजगी आवडीनिवडीचा दर्जा देतो. बाजारात जसे अनेक माल, तसे अनेक पंथ. ज्याने त्याने आपापला निवडावा. पंथांत विभागलेले चर्च ही मांडणी मुकाट्याने मान्य करते आणि सार्वजनिक सत्याविषयी बोलण्याचा अधिकार गमावते, असे न्यूबिगिन यांचे प्रतिपादन होते. कांचीपुरम व मदुराईतील अनुभवाविना हा विचार त्यांना इतक्या स्पष्टपणे सुचला असता का, हा प्रश्न रास्त आहे.

१६/१६
या कथेला दुसरी बाजूही आहे. पंथांच्या भिंती पडल्या, तरी दक्षिणेच्या चर्चमधील जातीच्या भिंती शाबूत राहिल्या. दलित ख्रिस्ती विचारवंतांनी त्यावर नेमके बोट ठेवले. मालमत्ता आणि पदांचे तंटे न्यायालयांत गेले. आयात केलेली फूट मिटवणे तुलनेने सोपे निघाले, घरातली अवघड. न्यूबिगिन यांनी निवृत्तीनंतर पाळकाचे काम पत्करले ते बर्मिंगहॅमच्या विन्सन ग्रीन या गरीब वस्तीत, तुरुंगासमोरच्या, बंद पडू घातलेल्या एका छोट्या चर्चमध्ये. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले. साम्राज्याने आखलेले नकाशे वसाहतीतल्या माणसांनी पुसले, आणि ते पाहून आलेल्या एका मिशनऱ्याने आपल्याच देशाला त्याची आठवण करून दिली, हे या इतिहासाचे मोल आहे.